झांबियातल्या मिशनच्या शेतावर : मका, पिकअप आणि आम्ही दोघं

जोंधळा | १२ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं इथं नुसती वाचनमात्र आहे. परवा परदेशातल्या शेतीवर गप्पा चालल्या होत्या, तेव्हा कुणीतरी म्हणालं की अनुभव असलेल्यांनी लिहा. म्हणून हा धागा. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले. मी नर्स, हे कृषी पदविकावाले. मुलगी नोकरीला लागली आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ओळखीतून इथं यायचं ठरलं. ऑगस्ट २०२२ पासून झांबियाच्या दक्षिण प्रांतात, चोमा आणि मोंझे यांच्या मधल्या भागात, डांबरी रस्त्यापासून बरंच आत एका मिशनच्या शेतावर राहतो. चाळीस एकर, त्यातली नऊ वहीत. एक बोअर, सौर पंप, तीन खोल्यांचं घर, कोंबड्या, सहा गाई आणि एक जुनी पिकअप.

तर ही पिकअप. येताना आम्हाला वाटलं होतं की मी औषधपाणी बघेन, हे शेती शिकवतील आणि रविवारी उपासना. गावात मात्र आमची ओळख नर्स, शेतीवाले किंवा मिशनरी अशी झालीच नाही. आम्ही गाडीवाले.

सकाळी पाचला हे कोंबड्या सोडायला बाहेर पडतात तेव्हा अंगणाच्या कडेला कुणीतरी बसलेलं असतं. दार वाजवत नाहीत. ‘ओडी!’ अशी हाक द्यायची आणि थांबायचं. मग टाळ्या वाजवत नमस्कार. ‘म्वाबुका बुटी’, म्हणजे उठलात ना बरे? मग घरचे कसे, गुरं कशी, पाऊस कधी. दहा मिनिटांनी कळतं की सुनेला कळा सुरू झाल्यात आणि दवाखाना चौदा किलोमीटरवर आहे.

बाळंतीण, मक्याची पोती, शाळेचे बाक, बोकड, लग्नाचं सामान, शवपेटी, सगळं याच गाडीतून जातं. मयत झालं की इथे नातलग तीन-चार दिवस त्या घरीच मुक्कामाला असतात. त्यांचं सरपण, पीठ, पाण्याचे ड्रम कोण आणणार? आपणच. पहिल्या वर्षी आम्ही गाडीखालीच जास्त होतो की गाडीत, ते विचारू नका.

मग मी नियम केला. मंगळवार आणि शुक्रवार गाडी तालुक्याला, बाकी दिवशी फक्त अडीनडीला. आठवड्याभरात सगळंच अडीनडीचं झालं. ह्यांना नाही म्हणता येत नाही, मला येतं, म्हणून नाही म्हणायचं काम माझ्याकडे आलं. इथं मराठी बोलायला दिवसभरात एकच माणूस, आणि त्याच्याशीच भांडायचं, अशी गत!

एकदा एका आज्जीला नाही म्हटलं. पोतं चक्कीवर न्यायचं होतं. हॅमर मिल दूर, म्हटलं शुक्रवारी या. ती हसली, टाळ्या वाजवल्या, गेली. संध्याकाळी तिचा नातू दूध न्यायला आला तेव्हा कळलं की घरात कालपासून पीठ नव्हतं. तिनं ते मला का सांगितलं नाही, हे समजायला मला वर्ष लागलं. इथं गरज बोलून दाखवणं हे शेवटचं पाऊल. पोतं दाखवलं, तेवढ्यात समजायचं असतं.

बाकी हळूहळू लिहीन. नेट कधी असतं, कधी नसतं.

---

मेथीची_जुडी | १२ ऑक्टोबर

वा, मस्त सुरुवात. आज्जीचा प्रसंग चटका लावून गेला. जेवणखाणाबद्दल लिहा ना! पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

तिरकस | १२ ऑक्टोबर

स्पष्ट विचारतो, राग मानू नये. शेती, दवाखाना, गाडी ही सगळी आमिषंच ना? शेवटी मुद्दा धर्मांतराचाच. आपल्याकडे हेच झालं.

---

जोंधळा | १३ ऑक्टोबर

@मेथीची_जुडी, जेवणात निसिमा. मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा. हातानं लहान गोळा तोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि तोंडीलावण्यात बुडवायचा. तोंडीलावण्याला सगळे ‘रेलिश’ म्हणतात. भोपळ्याच्या पाल्याची भाजी, त्यात शेंगदाण्याचं कूट! पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला रडूच आलं, आईच्या हातची आठवली. करिबा तलावातले बारके सुके मासे मिळतात, कपेंटा. परतले की घरभर आपल्या सुकटीसारखा वास. आंबट दुधाला माबिसी म्हणतात. आपल्या दह्याहून सैल, आणि निसिमावर ओतून खातात. हे त्याला ‘झांबियन दहीभात’ म्हणतात आणि दोन वाट्या चढवतात.

@तिरकस, राग नाही. प्रश्न रास्त आहे, नगरकडच्या माणसाला तर ऐकून ऐकून पाठ झालाय. पण इथं कुणाचं धर्मांतर करणार? २०१० च्या जनगणनेत पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त लोक ख्रिस्ती होते. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी देश ख्रिस्ती असल्याचं जाहीर केलं, पुढे १९९६ मध्ये ते राज्यघटनेत गेलं. बसमध्ये बसलं की कंडक्टर आधी प्रार्थना घेतो, मग तिकीट. आमची उपासना दीड तासात आटपते म्हणून गावकरी आम्हाला जरा कच्चेच समजतात. त्यांची तीन तास चालते, ढोलासकट. गेल्या नाताळात आम्ही टाळ घेऊन ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, पण त्यांच्या तालात. भजन कुठच्या कुठे गेलं. कुणालाच काही वाटलं नाही, आम्हालाही.

आमिषाचं म्हणाल तर मदतीत देणारा वर आणि घेणारा खाली हे असतंच. ते मला रोज टोचतं. त्यावर पुढे लिहिते.

---

बांधकरी | १३ ऑक्टोबर

ताई, शेतीचं सविस्तर येऊ द्या. पाऊस किती? जमीन कशी? नांगरट कशानं? आणि दादांना म्हणावं, स्वतः लिहा.

---

जोंधळा | १५ ऑक्टोबर

(हे बाजूला बसून सांगताहेत, मी टंकते आहे.)

पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या नगरपेक्षा चांगलाच जास्त. पण सगळा नोव्हेंबर ते मार्च-एप्रिलमध्ये. बाकीचे सात महिने थेंब नाही. पठार आहे, जून-जुलैत रात्री गोधडी लागते. जमीन वाळूसर, पाणी धरत नाही, बऱ्याच ठिकाणी आम्ल, चुना टाकावा लागतो. इथले तोंगा लोक गुरांचे शौकीन, नांगर बैलांचा.

आम्हाला इथं शिकवायचं होतं ते बिननांगरटीचं. झांबियात हे आधीपासून चालू आहे. उन्हाळ्यात ठराविक अंतरावर खड्डे घ्यायचे. ओळीत ७० सेंटिमीटर, दोन ओळींत ९०. खड्डा सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि २० खोल, म्हणजे खालचा कठीण थर फुटतो. एकरी सहा हजारांवर खड्डे होतात. त्यात ओंजळभर शेणखत, थोडा चुना, आणि पहिला चांगला पाऊस झाला की लगेच पेरा. मक्याची चिपाडं जाळायची नाहीत, ओळींमध्ये अंथरायची. शेतात मुसांगूची झाडं ठेवायची. या झाडाची उलटी रीत आहे. ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं असतं. त्यामुळे पिकाला सावली नडत नाही आणि पाल्याचं खत मिळतं.

कागदावर झकास. आता अडचणी.

पहिली, आच्छादन टिकतच नाही. कापणी झाली की सगळ्यांची गुरं सगळ्यांच्या रानात चरायला मोकळी, ही जुनी रीत आहे. आमची चिपाडं शेजारच्या गाईंच्या पोटात. उरलेलं वाळवीनं नेलं. कुंपण घातलं तर ‘मिशननं चराई बंद केली’ अशी बोलणी.

दुसरी, नांगर नसला की तण माजतं. खुरपणार कोण? बाया. हे हौसेनं खड्ड्यांचं प्रात्यक्षिक दाखवत होते तेव्हा मागे बसलेल्या दोघीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. मी पाहिलं, ह्यांनी नाही.

तिसरी, अंगण झाडून लख्ख ठेवणं हा इथल्या बाईचा मान आहे. आमच्या रानातला तो पालापाचोळा बघून एक बाई मला हळूच म्हणाली, तुम्हाला केरसुणी देऊ का?

चौथी सर्वांत भारी. शेजारी एक म्हातारबा आहेत, चाळीस-पन्नास गुरं, कडक माणूस. ते म्हणाले, ‘आमच्या आजोबांना नांगर धरायला तुमच्याच मिशनच्या लोकांनी शिकवलं. आता तो काढून घ्यायला तुम्हीच आलात?’ यावर आमच्या ह्यांना उत्तर सुचलं नाही.

---

लुसाकावासी | १६ ऑक्टोबर

म्हातारबांचं खरं आहे हो. मोंझेजवळ चिकुनी म्हणून जेझुइटांचं ठाणं आहे, १९०५ चं. तिथल्या फादर मोरो यांनी बैलांचा नांगर तोंगांमध्ये रुजवला असं मानतात. पुढे रेल्वेच्या दोन्ही अंगाला मक्याची जी शेती वाढली त्यात त्या नांगराचा मोठा वाटा. चोमाकडचं माचाचं मिशन १९०६ मधलं, ते तर दोन बायकांनी सुरू केलं, फ्रान्सिस डेव्हिडसन आणि अ‍ॅडा एंगल.

मी लुसाकात पंधरा वर्षं आहे, नोकरीनिमित्त. चोमा-मोंझेकडे गुजराती दुकानदार पूर्वीपासून आहेत. ताई, तूरडाळ आणि मोहरी तिथं मिळेल. सध्या आमच्याकडे दिवसाला तीन तास वीज असते. वीज बहुतेक पाण्यावरची आणि करिबात पाणीच नाही. तुमचा सौर पंप असल्याने तुम्ही आमच्याहून सुखी!

---

नेवाशाचा | १६ ऑक्टोबर

धागा वाचून मौज वाटली, कारण हेच चित्र आमच्याकडे उलटं होतं. आमच्या नेवासे तालुक्यात वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. एकोणिसाव्या शतकात रेव्ह. सॅम्युएल फेअरबँक तिथं राहिले. धर्मोपदेश चालायचाच, पण गड्याला शेती आणि पाखरं यांचा भारी नाद. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात मिळणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे, १८६९ मध्ये ब्लॅनफर्डनी ठेवलेलं. तेव्हा अमेरिकेतलं जोडपं नगरच्या माळावर, आता नगरचं जोडपं आफ्रिकेच्या माळावर. तेव्हाच्या आपल्या पणज्या त्या मडमेकडे बघून काय हसल्या असतील हे मला तुमच्या त्या दोघींवरून कळलं.

---

तिरकस | १७ ऑक्टोबर

पंच्याण्णव टक्क्यांचं माहीत नव्हतं. ठीक, तो मुद्दा मागे घेतो. पण मग जायचं कशाला? शेती त्यांना येते, धर्म त्यांच्याकडे आहे. उरली गाडी. म्हणजे तुम्ही फुकटचे टॅक्सीवाले.

---

चहाबाज | १७ ऑक्टोबर

तिरकसराव, आज प्रथमच तुमच्याशी सहमत व्हावंसं वाटतंय, जपा.

जोंधळाताई, गंभीरपणे सांगतो, भाडं घ्या. मी मेळघाटात एका संस्थेत सहा वर्षं होतो. फुकट गाडीनं जेवढं गाव बिघडतं तेवढं कशानं बिघडत नाही.

---

रानवाटा | १८ ऑक्टोबर

साप? साप किती?

---

जोंधळा | २० ऑक्टोबर

@रानवाटा, आहेत. घोणसेसारखा दिसणारा पफ अ‍ॅडर वाटेत पसरून पडलेला असतो, हलतच नाही, म्हणून पाय पडायची भीती. थुंकणारा नाग कोंबड्यांच्या खुराड्यात दोनदा. डोळ्यांत विष उडालं तर भरपूर पाण्यानं धुवायचं, चोळायचं नाही. ब्लॅक माम्बा मी पाहिलेला नाही आणि पाहायचाही नाही. पण खरं सांगू, इथं सापापेक्षा गोचीड वाईट. गाईंना थायलेरिया होतो, दोन गेल्या. आणि मला जे झालं तेही गोचिडानंच. तेच आज लिहायचं होतं.

मागचा हंगाम दुष्काळाचा. पाऊस आला उशिरा, आणि ऐन तुऱ्यात, फेब्रुवारीत, महिनाभर ऊन. मका उभ्या जागी वाळला. २९ फेब्रुवारीला सरकारनं राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. देशात मक्याच्या बावीस लाख हेक्टरांपैकी दहा लाख हेक्टर गेलं. आमच्याकडे नांगरलेल्या अर्ध्या एकरात ५० किलोचं एक पोतं आलं, खड्ड्यांच्या अर्ध्या एकरात चार. ह्यांना वाटलं आता लोक पटणार. पण त्या चार पोत्यांचं कौतुक करायला कुणाकडे वेळ होता? जो तो गुरं विकून पीठ आणत होता.

त्यातच एप्रिलमध्ये पिकअपचा गिअरबॉक्स गेला. भाग मिळेपर्यंत एकोणीस दिवस गाडी उभी. पहिल्या दिवशी अंगणात कुणी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मी म्हटलं, बघा, गाडी गेली की माणसं गेली. ह्यांना लागलं ते. दोघं गप्प जेवलो.

पाचव्या दिवशी मला ताप भरला. थंडी, डोकं फुटायची वेळ. मलेरियाची किट घरात होती, चाचणी निगेटिव्ह. मग पोटरीवर काळी खपली दिसली. गोचिडाचा ताप, डॉक्सीसायक्लिन हवं आणि माझा साठा संपलेला. स्वतः नर्स असून! हे पायी निघाले, तर वाटेत म्हातारबा भेटले. काही विचारलं नाही. तासाभरात त्यांची बैलगाडी दारात. इथं तिला स्कॉचकार्ट म्हणतात, दोन टायरांची. आत गवत, त्यावर चितेंगे म्हणजे बायांची कापडं अंथरलेली. सोबत दोन बाया. चौदा किलोमीटर, चार तास. एकीनं माझं डोकं मांडीवर धरलं होतं. ही तीच पीठवाली आज्जी. माझ्याशी तोंगा बोलत होती आणि मला तापात काहीच कळत नव्हतं, मी मराठीत ओ देत होते.

परत आणलं ते रात्री. ह्यांनी पैसे काढले, म्हातारबांनी हात मागे घेतला.

नंतर कळलं की लोक आले नव्हते कारण नादुरुस्त गाडीच्या मालकाकडे जाणं म्हणजे त्याला शरमिंदं करणं. आणि मी काय समजले होते!

@चहाबाज, भाड्याचं आमच्यातही वाजलंय. हे म्हणतात, मिशनच्या गाडीचं भाडं घेणार तर पाटी तरी उतरवा. मी म्हणते डिझेल कोण घालणार. निकाल लागलेला नाही.

---

मेथीची_जुडी | २० ऑक्टोबर

ताई… मराठीत ओ देत होते, इथं थांबले. काळजी घ्या. मेथीचं बी पाठवू का कुणाबरोबर?

---

लुसाकावासी | २१ ऑक्टोबर

मेथीताई, बी सामानात घालू नका, परवाना लागतो. लुसाकात दुकानात मेथीदाणे मिळतात, मसाल्याचे. तेच उगवतात. मी कुंडीत लावलेत.

---

बांधकरी | १६ जानेवारी २०२५

धागा वर काढतोय. ताई, यंदा पाऊसपाणी?

---

जोंधळा | २ फेब्रुवारी २०२५

आहे! धरून पाऊस व्हायला डिसेंबर उजाडला, पण नंतर चांगला लागला. मका छातीएवढा. लष्करी अळी आहेच. तीच, जिनं २०१८ पासून आपल्याकडे मक्याचं वाटोळं केलं. आफ्रिकेत ती २०१६ ला आली, म्हणजे तुमच्याकडचे शेतकरी आणि इथले आता गुरुबंधू. इथल्या बाया पोंग्यात चिमूट चिमूट राख टाकतात. मीही टाकते. सकाळी दोन तास हेच, पाठीचा काटा ढिला.

कोंबड्यांना मानमोडी आली होती. इथं न्यूकॅसल म्हणतात. डोळ्यात थेंब टाकायची लस मिळते. गावातल्या दोन पोरींना ती टाकायला शिकवलं. आता त्या घरोघर जातात आणि कोंबडीमागे पैसे घेतात. ह्यांनी मला विचारलं, त्यांनी घेतलेले चालतात आणि आपण घेतलेले का नाही? मी म्हटलं, हे तुम्हीच सांगा, विरोध तुमचाच होता. हे उठून गाई बघायला गेले.

खड्ड्यांचं म्हणाल तर यंदा चार घरांनी थोडे थोडे घेतले. एवढी मेहनत एकटीनं होत नाही, म्हणून त्या बाया पाळीपाळीनं एकमेकींचे खड्डे खणतात, आपल्या इरजिकीसारखं. हे डोकं आमचं नव्हे. आणि म्हातारबांच्या पोरानं बैलांनीच नुसती चिरी पाडून त्यात पेरलं, सगळी जमीन न उलटता. त्याचा मका आमच्यापेक्षा उजवा आहे, हे लिहायला मला हे बजावून गेलेत.

---

तिरकस | ३ फेब्रुवारी

वाचतोय. (एवढंच.)

---

जोंधळा | १८ मे २०२५

कापणी झाली. पीक छान आलं, नुसतं आमचं नव्हे, सगळ्यांचंच. अंगणाअंगणात कणसांचे ढीग. मेथी उगवली, चिंचोळी आणि कडू, पण भाजी केली. आज्जीला दिली. तिनं शेंगदाण्याचं कूट घालून परत केली.

भाड्याचा निकाल लागला, तो सांगायला आले. गेल्या आठवड्यात आमचा मका खरेदी केंद्रावर न्यायचा होता आणि पिकअप एका मयताला गेलेली. म्हातारबा बैलगाडी घेऊन आले. पोती चढवली, नेली, उतरवली. मग हात पुढे केला. पोत्यामागे ठरलेला दर, पूर्ण, एक क्वाचाही कमी नाही. ह्यांनी चाचरत विचारलं, मागच्या वेळी घेतले नव्हते? म्हातारबांनी असं बघितलं की जणू लहान मुलानं काही विचारलं. म्हणाले, ‘तेव्हा माणूस होतं गाडीत. आज पोती आहेत.’

त्याच संध्याकाळी ह्यांनी फाटकावर पाटी लावली. पोती, सिमेंट, बोकड पैसे देऊन. आजारी, बाळंतीण, मयत तसेच. तोंगात लिहिताना तीन चुका केल्या, त्या शाळेतल्या पोरांनी खडूनं दुरुस्त केल्या. आतापर्यंत कुणी कुरकुरलं नाही. उलट पहिल्याच दिवशी एकानं घासाघीस केली, आणि हे इतके खूश झाले की दर कमी करून बसले.

@बांधकरी, आच्छादनाचं विचाराल म्हणून आधीच सांगते. कालच म्हातारबांची गुरं येऊन सगळी चिपाडं खाऊन गेली.